खेळणं कुणाचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी बालवाडीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही विहाराच्या हॉलमध्ये बालवाडी चालवणाऱ्या बाया. कमिटीने आम्हाला 'बालसंस्कार' या विषयावर चार शब्द बोला म्हणून सांगितले. विषय फार मोठा आहे आणि त्यावर मोठी माणसे दरवर्षी बोलतातच. म्हणून आम्ही त्यातला एकच तुकडा उचलला आहे. दीड वर्षापासून साधारण चार वर्षांपर्यंतची पोरं खेळण्यावरून भांडतात, ओढाओढी करतात, बोचकारतात, चावतात, तेव्हा आपण मोठ्यांनी काय करायचं? एवढाच आमचा विषय.

मागच्या रांगेत काहीजण हसताहेत. हसा, पण आधी आपापला माळा डोळ्यांसमोर आणा. बीडीडी चाळीत ज्यांचा जन्म गेला त्यांना वेगळं सांगायला नको. एकशे साठ चौरस फुटांची खोली, एका माळ्यावर वीस खोल्या, मधून लांबच लांब पॅसेज, आणि नळ-संडास सगळ्यांचे मिळून. पोरांना खेळायला जागा कुठली, तर तोच पॅसेज. तिथे एकाची तीनचाकी सायकल निघाली की पाच पोरं मागे धावणार. एक हॅन्डल धरणार, एक मागून ढकलणार, आणि ज्याची सायकल तो भोकाड पसरणार. इथपर्यंत ते पोरांचं भांडण. मग एका खोलीतून आई बाहेर येते, समोरच्या खोलीतून दुसरी येते. "तुमच्या पोराला वळण नाही," असं एकदा तोंडातून गेलं की पोरं राहतात बाजूला. पोरं संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळत असतात, आणि दोन खोल्यांचा अबोला मात्र दिवाळीपर्यंत चालतो. कधी हळदीला, कधी नामकरणाला बोलावणं जात नाही. विचारलं, का हो ताई, काय झालं? तर मूळ कारण निघतं एक चेंडू, नाही तर एक पिपाणी.

आणि आपली वरळी ही सरमिसळ वस्ती. अमुक चाळ आमची, तमुक चाळ त्यांची, असं कितीही म्हटलं तरी पोरं सगळ्या चाळींची एकाच मैदानात उतरतात. १९७४ सालच्या जानेवारीत इथं जी दंगल झाली ती ज्यांनी पाहिली ते ज्येष्ठ आज इथे बसले आहेत. चाळींच्या मधली वाट ओलांडणं किती अवघड होतं ते त्यांना माहीत आहे. दंगल काही पोरांच्या खेळण्यावरून झाली नव्हती. पण "ती तसलीच माणसं, त्यांच्या पोरांत खेळू नको" हे वाक्य पोरगं पहिल्यांदा ऐकतं ते बहुतेक खेळण्याच्या भांडणातच. म्हणून आम्हाला हा विषय लहान वाटत नाही.

आता आधी हे बघू की पोरगं खेळणं देत का नाही.

पोर साधारण दोन वर्षांचं झालं की त्याच्या तोंडात 'माझं' हा शब्द येतो. माझी आई, माझी चप्पल, माझी वाटी, आणि शेजारच्याची बाहुलीसुद्धा माझीच. आपल्याला वाटतं पोर हावरट झालं. खरं म्हणजे ते पोर त्या वयात प्रथमच ओळखू लागलेलं असतं की मी एक वेगळा माणूस आहे. आरशातलं तोंड आपलंच, हे त्याला नुकतं कळलेलं असतं. आणि 'मी' कळल्यावाचून 'माझं' कळणार नाही, 'माझं' कळल्यावाचून 'तुझं' कळणार नाही. ही जिन्याची पायरी आहे. पहिल्याच पायरीवर धपाटा दिला तर पोर वर कसं चढणार?

दुसरी गोष्ट. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टन नावाच्या बाईंनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. मूल आधी एकटं खेळतं, नाही तर नुसतं दुसऱ्याचं बघत राहतं. मग दोघं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात. म्हणजे बसायला एकत्र, पण खेळ ज्याचा त्याचा. आणि त्याच्या पुढच्या वयात खरोखर मिळून, कामं वाटून खेळतात. आमच्या सतरंजीवर रोज हेच दिसतं. दोन वर्षांची दोघं ठोकळे घेऊन पाठीला पाठ लावून बसतात आणि आपण म्हणतो, "बघा, कशी मिळून खेळताहेत." ती मिळून खेळत नसतात. त्यातल्या एकाला दुसऱ्याच्या हातातला लाल ठोकळा दिसला की संपलं. स्वतःपुढे दहा ठोकळे पडलेले असले तरी त्याला तोच हवा, कारण तो आता कुणाच्या तरी हातात हलतोय. जमिनीवर पडलेलं खेळणं मेलेलं आणि दुसऱ्याच्या हातातलं जिवंत, असा त्यांचा हिशेब.

तिसरी गोष्ट वेळेची. "पाच मिनिटांनी देईल हं" याचा अर्थ दोन वर्षांच्या पोराला कळत नाही. त्याला 'आता' कळतं आणि 'नाही' कळतं. आपण "थांब" म्हणतो, त्याला ऐकू येतं "कधीच नाही". म्हणून ते जीव तोडून रडतं. आणि ज्याला अजून धड बोलता येत नाही ते हाताने आणि दातांनी बोलतं. बोलायला जसजसं यायला लागतं तसतसं चावणं बहुतेकांचं आपोआप कमी होतं, हे आम्ही किती तरी पोरांचं पाहिलं.

आता एक नाजूक गोष्ट बोलायची आहे. आपल्या घरांत पोराने दुसऱ्याची वस्तू उचलून आणली की आई लाजेने अर्धी होते. "लोक काय म्हणतील? चोर म्हणतील." ही भीती कुठून आली ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या आज्या-पणज्यांवर न केलेल्या चोरीचा आळ किती सहज यायचा, हे घराघरांत सांगितलं गेलं आहे. त्यामुळे आपल्या बाया या बाबतीत दुप्पट कडक. अडीच वर्षांच्या पोराच्या हातावर उलथनं टेकवण्याची धमकी आम्ही कानांनी ऐकली आहे. मातांनो, पंचशीलातलं दुसरं शील आपण रोज म्हणतो, न दिलेलं न घेण्याचं. पण शील हे समजून-उमजून घ्यायचं असतं, म्हणून तर आपण ते स्वतःच्या तोंडाने ग्रहण करतो. ज्याला 'दिलेलं' आणि 'न दिलेलं' यातला फरकच अजून कळत नाही, त्याच्या हातून शील मोडत नाही. ते पोर चोर नाही. त्याला चोर म्हणू नका, चेष्टेतसुद्धा नको. वस्तू त्याच्याच हाताने, त्याचं बोट धरून, परत नेऊन द्या. "ही ताईची बाहुली. ताईला देऊया." एवढं पुरे. पुन्हा आणील, पुन्हा नेऊन द्या.

आता आपण काय करतो ते बघा. दोघं भांडताहेत, कानठळ्या बसताहेत, गॅसवर भाजी लागतेय. आपण येतो, एकाच्या हातून खेळणं हिसकावतो, दुसऱ्याला देतो आणि म्हणतो, "हिसकावून घ्यायचं नसतं!" पोराने यातून काय शिकायचं? त्याच्या डोळ्यांना एवढंच दिसलं की जो मोठा आहे तो हिसकावू शकतो. उद्या ते आपल्यापेक्षा लहान शोधणार.

नाही तर आपण म्हणतो, "तू मोठा ना, मग देऊन टाक." मोठा म्हणजे किती मोठा, तर साडेतीन वर्षांचा! धाकटं जन्मल्यापासून तो बिचारा देतच आला आहे. मांडी दिली, पाळणा दिला, आईच्या कुशीतली जागा दिली. आता एक मोटार हातात आहे तीही देऊन टाक म्हणता.

आणि मुलगी असेल तर विचारूच नका. "तू मुलगी आहेस ना, शहाणी ना, दे भावाला." मुलीनं दिलं तर ती गुणाची, आणि मुलाने नाही दिलं तर "बापावर गेलाय" असं कौतुकाने म्हणायचं. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीच्या वाट्यासाठी जिवाचं रान केलं. ते बिल रखडवलं गेलं हे त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडण्याच्या कारणांत ठळकपणे सांगितलं. त्यांचा फोटो भिंतीवर, आणि त्याच भिंतीखाली तीन वर्षांच्या मुलीच्या हातातला वाटा काढून मुलाला द्यायचा. हे आम्हाला पटत नाही आणि आम्ही बालवाडीत ते चालू देत नाही. कुणा आजीला राग आला तरी चालेल.

चौथा प्रकार धमकीचा. पोलीस येईल, बागुलबुवा येईल, तुला सोडून जाईन. त्यावर वेळ घालवत नाही. यातलं काहीही म्हणू नये, बस्स.

मग न्याय कसा करायचा? "कुणी आधी घेतलं?" असं विचारून न्यायाधीश व्हायचं? इथे आपल्याच ग्रंथातल्या दोन गोष्टी आठवाव्यात असं आम्हाला वाटतं. वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली मूळ इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात बाल सिद्धार्थ आणि त्याचा चुलतभाऊ देवदत्त यांचं पक्ष्यावरून भांडण आहे. देवदत्त म्हणतो, मी बाण मारला म्हणून माझा. सिद्धार्थ म्हणतो, मी वाचवला म्हणून माझा. प्रकरण लवादाकडे गेलं आणि सिद्धार्थाच्या बाजूने निकाल झाला. गोष्ट आपण मुलांना इथवरच सांगतो. पण बाबासाहेबांनी पुढे लिहिलं आहे की देवदत्त तेव्हापासून त्याचा कायमचा वैरी झाला. निकाल बरोबर होता, तरीही. आम्ही हे वाचलं तेव्हा आम्हाला आमची सतरंजी आठवली. बरोबर निकाल देऊनसुद्धा एक पोर कोपऱ्यात फुरंगटून बसतं, आणि दहा मिनिटांनी जिंकलेल्याच्या पाठीत ठोसा घालतं. वस्तूचा निकाल लागतो, मनाचा लागत नाही.

दुसरी गोष्ट रोहिणी नदीच्या पाण्याची. शाक्य आणि कोलीय, दोघांची शेती त्या एका पाण्यावर. पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून मारामारी झाली आणि शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. तरुण सिद्धार्थाने विरोध केला. तो काय म्हणाला? आधी चौकशी करा की आगळीक कुणाची. आपल्या लोकांनीही आगळीक केली असं ऐकतो, तसं असेल तर आपणही निर्दोष नाही. आणि आपले दोन, त्यांचे दोन, या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी बसून तंटा मिटवावा. संघाने ऐकलं नाही आणि त्यातूनच पुढे सिद्धार्थाने घर सोडलं, असं बाबासाहेब मांडतात. आता बघा, वाटून कसं घ्यायचं या प्रश्नावरच आपल्या धम्माची वाट सुरू होते. पॅसेजमधल्या सायकलीसाठी पाच जणांची कमिटी नेमा असं आम्ही म्हणत नाही, आधीच आपल्याकडे कमिट्या पुष्कळ आहेत. पण 'आपल्या पोरानेही आगळीक केली असेल' एवढं एक वाक्य आईने दाराबाहेर येण्याआधी मनात म्हटलं, तरी निम्मे अबोले टळतील.

आता प्रत्यक्ष आम्ही काय करतो ते सविस्तर सांगतो, कारण बाया नेहमी तेच विचारतात.

आम्ही आधी खाली बसतो. उभ्याने वरून ओरडलेलं पोराला नुसतं गडगडल्यासारखं ऐकू येतं. बसलं की आपला चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येतो. मग खेळणं आपल्या हातात धरायचं, पण काढून न्यायचं नाही. दोघांचे हात त्यावर असू द्यायचे, आपलाही त्यावर ठेवायचा. कुणी मारत असेल, चावत असेल, तर तो हात हळू पण घट्ट धरायचा. "मारायचं नाही. त्याला दुखतं." एवढं दोनच वाक्यांत. ज्याला लागलं त्याच्याकडे आधी बघायचं, ज्याने मारलं त्याच्याकडे नंतर. आपण उलटं करतो. मारणाऱ्यावर इतका वेळ ओरडतो की रडणारं पोर तसंच राहतं, आणि मारणाऱ्याला कळतं की मारलं की सगळे आपल्याकडे बघतात.

मग दोघांच्या मनातलं आपण बोलून दाखवायचं. "तुला मोटार हवी. तुलापण मोटार हवी. मोटार एकच आहे." आणि थांबायचं. गप्प राहायचं. हे सगळ्यात अवघड काम आहे, कारण आपल्याला घाई असते. पण तीन वर्षांच्या आसपासची पोरं या गप्प बसण्यात कधी कधी असा काही तोडगा काढतात की आपल्याला सुचला नसता. एकदा दोघांनी एक डबा ओढायला घेतला आणि त्याची रेल्वे केली. एकदा एकाने मोटार दुसऱ्याला देऊन टाकली आणि स्वतः पोलीस होऊन शिट्टी वाजवत बसला. नेहमी असं होतं असं नाही. नाही झालं, तर पाळी लावायची.

पाळीचं म्हणाल, तर घड्याळ काही कामाचं नाही. आम्ही गाणं म्हणतो. एक बडबडगीत संपलं की खेळणं दुसऱ्याच्या हातात, पुन्हा तेच गीत, पुन्हा पहिल्याकडे. किंवा सायकल असेल तर फेऱ्या. भिंतीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत जायचं, परत यायचं, उतरायचं. पोरांना फेरी डोळ्यांनी दिसते, मिनिट दिसत नाही. आणि ज्याची पाळी यायची आहे त्याला नुसतं ताटकळत ठेवायचं नाही. त्याला काम द्यायचं: "तू सिग्नल हो." "तू मोज." मोजता येत नसलं तरी तो मोजतो, एक, दोन, सात, दहा.

दोन वर्षांच्या आतल्यांना हेसुद्धा जमत नाही. तिथे सरळ तशीच दुसरी वस्तू द्यायची. म्हणून आमच्याकडे वाट्या आहेत तर आठ, चमचे आठ, डबे आठ. महागाचं एक खेळणं आणण्यापेक्षा स्वस्तातली सारखी चार आणा असं आम्ही पालकांना सांगतो. आणि ज्या खेळाला दुसरा लागतोच असे खेळ वाढवा. चेंडू एकट्याने फेकला तर परत कोण देणार? चादरीचा झोका एकट्याने कसा धरणार? तिथे पोराला आपोआप कळतं की दुसरं पोर असलेलं बरं.

पाहुणे यायचे असतील तर पोराची सगळ्यात लाडकी वस्तू, मग ती चिंध्यांची बाहुली का असेना, त्याला विचारून आधीच कपाटात ठेवून द्या. "हे फक्त तुझं. बाकीची खेळणी दादाबरोबर खेळायची." आपण मोठी माणसं आपला मंगळसूत्राचा डबा पाहुण्यांपुढे ठेवतो का?

हे सगळं आम्ही शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. पुढे १९४५ पासून त्या बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडला, आणि अनुताई वाघांच्या सोबतीने आदिवासी पाड्यांतल्या अंगणात बालवाडी नेली. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. पाड्यावर विकतची खेळणी कुठून आणायची? तर शंख, शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या. त्यांनी आपल्याला शिकवलं की गरिबाच्या पोराचा खेळ दुकानावर अवलंबून नाही. माँटेसोरीबाई १९३९ साली मद्रासला आल्या. त्यांच्या पद्धतीत तर मुद्दामच प्रत्येक साहित्याचा एकच संच वर्गात ठेवतात. एकाने वापरून जागेवर ठेवला की मग दुसऱ्याने घ्यायचा. त्याच्या हातून कुणी काढून घेणार नाही, बाईसुद्धा नाही. ज्या पोराला खात्री असते की आपल्या हातातलं कुणी ओढणार नाही, ते मूठ सैल सोडतं. ज्याला ती खात्री नाही ते मूठ आवळतं. मोठ्या माणसांचंही तसंच असतं, पण तो विषय वेगळा.

इथे शोकेसमधल्या खेळण्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या कित्येक घरांत चावीची मोटार, पिसं लावलेली बाहुली, प्लास्टिकच्या पिशवीसकट टीव्हीच्या वर किंवा शोकेसमध्ये ठेवलेली असते. "मोडेल म्हणून ठेवलंय." पोर खालून बघतं. आम्ही आयांना दोष देत नाही. पगारातून पैसे बाजूला काढून आणलेलं खेळणं मोडलं तर जीव तुटतो, आणि लहानपणी स्वतःला काहीच मिळालं नव्हतं म्हणून ते नुसतं बघायलाही बरं वाटतं. पण जे पोराच्या हातात कधी येतच नाही ते पोराचं नाही, आणि जे त्याचं नाही ते तो दुसऱ्याला देणार तरी कसं?

देण्याबद्दलही थोडं. आपण दानाला मोठं मानतो, दहा पारमितांमध्ये दान पहिली. पण जबरदस्तीने काढून घेतलेलं ते दान होत नाही. आणि दुसरी बाजू अशी की आपल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांचं उतरलेलं नेसलं, उरलेलं खाल्लं, आणि वर "आम्ही तुम्हाला दिलं" हे ऐकलं. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते पाण्याचं दान मागायला गेले नव्हते, सार्वजनिक तळ्यावरचा आपला हक्क बजावायला गेले होते. हा फरक आम्हाला पोरांच्या बाबतीतही महत्त्वाचा वाटतो. बालवाडीतलं खेळणं सगळ्यांचं आहे, तिथे पाळी हा प्रत्येकाचा हक्क. कुणी उपकार करत नाही. घरातलं खेळणं मात्र त्या पोराचं, ते द्यायचं की नाही हे त्याने ठरवायचं. या दोन गोष्टींची गल्लत आपण करतो म्हणून पोरं गोंधळतात. पॅसेजमध्ये आपली सायकल काढली तर काय? आमचं मत असं की सायकल काढण्याआधीच पोराला विचारावं: "बाहेर काढलीस तर सगळे फेरी मागतील. काढायची की घरात ठेवायची?" त्याने काढायची म्हटलं की मग फेऱ्या लावायला आई मोकळी.

मोबाइलचं काय, असं मघाशी एका भाऊंनी विचारलं. मोबाइलवरून भांडण झालं तर पाळी लावत बसू नका, मोबाइल बंद करून वर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे की एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभरापेक्षा जास्त नको, त्याहून कमी तर बरंच. मोठ्यांच्या हातात तो दिवसभर दिसला की पोर तो मागणारच, हेही खरं.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी आम्ही हा विषय याच वर्षी घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फुटांची घरं, आत संडास-बाथरूम, लिफ्ट. आनंदाची गोष्ट आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या या १२१ चाळींत आपल्या चार पिढ्या एकशे साठ फुटांत राहिल्या, आपल्या बायांनी पहाटे उठून रांगा लावल्या. आता कुणी चाळीचे गोडवे गाऊन नव्या घराला नाव ठेवू नये. गोडवे गाणाऱ्यांनी बहुधा ती रांग लावलेली नसते.

पण आम्हाला एक दिसतंय. टॉवरमध्ये गेलेल्या पोरांची दारं बंद झाली. चाळीत पोर रांगायला लागलं की पॅसेजमध्ये यायचं आणि वीस खोल्यांतली पोरं त्याच्या अंगावर यायची. भांडणं रोजची, आणि शिकणंही रोजचं. कुणीतरी आजी दारात बसलेली असायची, ती नुसती "ए!" म्हणाली की ओढाओढी थांबायची. आता खोली मोठी, खेळणी जास्त, आणि पोर एकटं. त्याच्याशी भांडायलाच कुणी नाही. अशी तीन वर्षांची पोरं सध्या बालवाडीत यायला लागली आहेत. ती खेळणं देत नाहीत याची आम्हाला काळजी नाही, ते वयच तसं. ती मागतच नाहीत. दुसऱ्याच्या हातातलं हवं असलं तर आमच्याकडे बघतात, की बाई आणून देतील. घरी तसंच होत असणार. त्यांना आम्ही आधी मागायला शिकवतो: "मला दे ना." आणि 'नाही' असं उत्तर आलं तर ते ऐकायलाही.

त्यासाठी कमिटीपुढे आम्ही एक मागणी ठेवली होती ती मान्य झाली, त्याबद्दल कमिटीचे आभार. दर रविवारी वंदनेनंतर एक तास हॉलमध्ये मोठी सतरंजी घालून पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मोकळं खेळू द्यायचं. टॉवरमधली, चाळीतली, संक्रमण शिबिरातली, सगळी. बौद्धांचीच पाहिजेत असं नाही, शेजारच्यांनाही घेऊन या. आई, बाबा किंवा आजी-आजोबा यांपैकी एकाने सोबत बसायचं. बाबांनी आलेलं आम्हाला जास्त आवडेल. बसायचं म्हणजे जवळ बसायचं, मोबाइल पिशवीत ठेवून. ओढाओढी सुरू झाली की लगेच धावायचं नाही. आम्ही असू.

हॉलच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी ठेवली आहे, ती विहाराच्या खेळण्यांची. सध्या तिच्यात चेंडू, डबे, नारळाच्या करवंट्या, लाकडी ठोकळे, दोऱ्याची रिकामी रिळं आणि धुतलेल्या चिंध्या आहेत. चेंडू कमी पडतात. घरी सारखी, साधी, न टोचणारी खेळणी असतील तर आणून द्यावीत. बॅटरीची, आवाजाची आणि फार छोट्या तुकड्यांची नकोत, लहान पोरं तोंडात घालतात. मोडकी नकोत. आणि देण्याआधी ज्याचं खेळणं आहे त्या पोराला विचारावं. तो नाही म्हणाला तर आणू नये.